आधी पाण्याचं गाव विचारा: ध्रुवीय समुद्रातले प्लवक आणि जिवाणू नागपुरात बसून कसे वाचावेत

विदर्भात नवा माणूस भेटला की नावापाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला असतो, "गाव कोणतं तुमचं?" राहायला तो मनीषनगरला असेल, पण मूळचा आर्वीचा की गोंदियाचा हे कळलं की त्याची बोली, जेवण, नातीगोती यांचा निम्मा अंदाज येतो. ध्रुवीय समुद्रातल्या प्लवकांचं, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक जीवांचं, आणि जिवाणूंचं तसंच आहे. बाटली कोणत्या अक्षांशावर भरली ते लिहून ठेवायचंच, पण आतलं पाणी मूळचं कुठलं, हे त्याहून जास्त कामाचं. एकाच जागी बाटल्या खाली सोडल्या तरी वीस मीटरवर एका गावचं पाणी मिळतं, शंभर मीटरवर दुसऱ्या गावचं, आणि दोन्हींतली वस्ती वेगळी निघते.

अशा एका गावच्या पाण्याला जलराशी म्हणतात. पृष्ठभागावर असताना ऊन, वारा, पाऊस, बर्फ यांनी त्याला एक तापमान आणि एक क्षारता दिलेली असते. ते खाली गेलं की तिथे तापवणारं किंवा पाऊस पाडणारं कुणी नसतं. शेजारच्या पाण्यात मिसळेपर्यंत ती ओळख टिकते, कधी हजारो किलोमीटर. त्या पाण्याबरोबर नायट्रेट, सिलिका, लोह येतं आणि जिवंत पेशीही येतात.

पुढची पद्धत सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकणाऱ्यांसाठी आहे. नागपूरपासून समुद्र कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या आत नाही, ध्रुव तर सोडाच. तरी अडत नाही. ध्रुवीय मोजमापांचा मोठा साठा मोफत खुला आहे आणि जलराशींचं भौतिकशास्त्र माशांच्या टाकीत उघड्या डोळ्यांनी दिसतं. लॅपटॉप, साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक, काचेची टाकी, मीठ आणि बर्फ एवढ्यावर सुरुवात होते.

टाकी, मीठ आणि एक मुद्दाम केलेली चूक

टाकी ४५ सेंटिमीटर लांब, २० रुंद, २५ उंच घ्या. मीठ खडा मीठच घ्या, इतवारीत किलोने मिळतं. पाकिटातल्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड असते. तिने पाणी दुधाळ होतं आणि मग थर दिसत नाहीत. खडा मीठ विरघळलं की मलमलीतून दोनदा गाळा. समुद्राची क्षारता किलोमागे ग्रॅममध्ये मोजतात, म्हणून मापही वजनानेच घ्या. ९६५ ग्रॅम पाण्यात ३५ ग्रॅम मीठ म्हणजे ३५ क्षारता. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम टाकलं तर ते थोडं कमी भरतं. टाकीसाठी हा फरक चालेल, पण सवय पहिल्यापासून बरोबर लागलेली बरी.

तीन पाणी करायची. पहिलं अटलांटिक: ३५ क्षारतेचं १० किलो, त्यात खायचा लाल रंग चिमूटभर. दुसरं ध्रुवीय पृष्ठभागाचं: ३० क्षारतेचं ३ किलो, निळं, दोन अंशांपर्यंत गार. तिसरं मिठागळ, म्हणजे समुद्र गोठताना मागे उरतं तसं जास्त खारं पाणी: ४० क्षारतेचं १ किलो, पिवळं, जवळजवळ शून्य अंशावर. गार करताना बर्फ थेट पाण्यात टाकू नका. तो वितळून क्षारता उतरवतो आणि मग आपण काय मोजतोय हेच कळत नाही. बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत तोंड घट्ट बांधून पाण्यात सोडा.

आता चूक करा. लाल पाणी खोलीच्याच तापमानाला, म्हणजे २८ अंशांना, टाकीत भरा. त्यावर थर्मोकोलचा तुकडा तरंगत ठेवा आणि निळं पाणी मगाने, धार त्या तुकड्यावर पडेल अशी, सावकाश ओता. आर्क्टिकमध्ये कमी खारं पाणी वर तरंगतं असं पुस्तकात वाचलेलं असतं, म्हणून निळं वर राहील असं वाटतं. ते राहत नाही. निळे लोळ काचेवरून घसरत थेट तळाशी जाऊन बसतात.

कारण सोपं आहे आणि पुढच्या सगळ्या कामाला तेच लागतं. २५ अंशांच्या आसपास समुद्राच्या पाण्याची घनता किलोमागे एक ग्रॅम मिठाने जेवढी वाढते, तेवढीच ती सुमारे अडीच अंश गारव्याने वाढते. शून्य अंशाजवळ मात्र त्याच एका ग्रॅमची बरोबरी करायला सुमारे १५ अंश लागतात. म्हणजे आपल्या खोलीत २६ अंशांचा फरक पाच ग्रॅम मिठावर सहज मात करतो, पण खऱ्या ध्रुवीय समुद्रात तापमानाचं फारसं चालत नाही. तिथे कोण वर आणि कोण खाली, हे मीठ ठरवतं. टाकी रिकामी करा. या वेळी लाल पाणी १० ते १२ अंशांपर्यंत गार करा आणि निळ्याची क्षारता २० वर आणा. आता निळा थर वर ठाम बसतो. मग नरसाळ्याला लांब नळी लावून पिवळं पाणी तळाशी सोडा. ते लालच्या खाली चादरीसारखं पसरतं. अंटार्क्टिकाभोवती समुद्र गोठताना बर्फ मीठ मागे टाकतो, ते जड पाणी खंडाच्या उतारावरून घसरत तळ गाठतं, त्याची ही लहान नक्कल. उन्हाळ्यात खसच्या सरबताचा अर्क पेल्याच्या तळाशी कसा बसतो हे ज्याने पाहिलंय, त्याला यात नवल वाटणार नाही.

शेवटचा प्रयोग सगळ्यात बघण्यासारखा. लाल आणि निळं पाणी निम्मं-निम्मं एका वाटीत मिसळा, गार करा, गडद हिरवा रंग घाला आणि सिरिंजने, सुईशिवाय, दोन थरांच्या सीमेवर हळूच सोडा. ते वरही जात नाही, खालीही नाही. कागदाएवढ्या पातळ पट्टीत आडवं पसरत जातं. उन्हाळी ध्रुवीय समुद्रात हिरव्या पेशींचा सर्वात दाट थर बरेचदा पृष्ठभागावर नसून अशाच सीमेजवळ सापडतो. वरच्या पाण्यातलं नायट्रेट संपलेलं असतं, खालच्यात ते भरपूर असतं पण उजेड कमी असतो, आणि दोन्ही थोडं थोडं जिथे मिळतं ती जागा म्हणजे ही पट्टी.

हे सारं डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी करा. मे महिन्यात तास-दीड तासात थरांचं तापमान एक होऊन घोटाळा होतो. एक मात्र आहे, मेमधल्या कोरड्या हवेत गार टाकीच्या काचेवर दव फारसं धरत नाही. जुलैत पाच मिनिटांत काच आंधळी होते आणि पुसता पुसता थर हलतात.

खरा डेटा आणि त्यातली ०.१६ ची फसवणूक

जहाजावरून जे यंत्र खाली सोडतात त्याला सीटीडी म्हणतात. ते विद्युतवाहकता, तापमान आणि दाब सेकंदाला अनेक वेळा मोजतं, आणि वाहकतेवरून क्षारता काढली जाते. त्याच्याभोवती १२ किंवा २४ निस्किन बाटल्यांचं कडं असतं. वर येताना हव्या त्या खोलीवर एकेक बाटली बंद करतात. अशा सफरींचा डेटा पॅन्जिया या खुल्या साठ्यात आणि वर्ल्ड ओशन डेटाबेसमध्ये मिळतो. आर्गो तरंगकांचा, म्हणजे समुद्रात आपोआप वर-खाली होत मोजमाप घेणाऱ्या यंत्रांचाही, घेता येतो. भारतापुरतं बोलायचं तर आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ओलेसुंडला २००८ पासून हिमाद्री हे स्थानक आहे, आणि जवळच्या कॉंग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे जमिनीत घुसलेली अरुंद, खोल खाडी) जुलै २०१४ मध्ये इंडआर्क ही नांगरलेली वेधशाळा सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात सोडली गेली. सरावाला कॉंग्सफ्योर्डच घ्या. जागा लहान आहे, अटलांटिकचं आणि आर्क्टिकचं पाणी तिथे समोरासमोर येतं आणि वर हिमनद्यांचं वितळपाणी असतं.

फाइल उघडली की आधी साफसफाई. यंत्र खाली जातानाचीच मोजमापं ठेवा, कारण वर येताना बाटल्यांचं कडं स्वतःच पाणी ढवळतं. पृष्ठभागाचे पहिले दोन-तीन मीटर गाळा, तिथे जहाजाचा पंखा आणि हवेचे बुडबुडे असतात. उरलेल्याची एकेका मीटरची सरासरी काढा. मग आडव्या अक्षावर क्षारता आणि उभ्या अक्षावर तापमान घेऊन प्रत्येक मीटरचा एकेक ठिपका मांडा. ओशन डेटा व्ह्यू हा मोफत प्रोग्राम हे दोन क्लिकमध्ये करतो. पायथन ही संगणक भाषा येत असेल तर समुद्राच्या पाण्याची गणितं करणारा त्यातला जीएसडब्ल्यू संच घ्या. ठिपक्यांच्या या वाकड्यातिकड्या माळेला टी-एस आकृती म्हणतात. माळेची टोकं आणि कोपरे म्हणजे जलराशी. त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा म्हणजे मिसळण.

इथे नवखे हमखास फसतात. जीएसडब्ल्यू नव्या पद्धतीची निरपेक्ष क्षारता, म्हणजे किलोमागे ग्रॅम, देतो. जलराशींच्या जुन्या व्याख्या मात्र व्यावहारिक क्षारतेत, म्हणजे थेट वाहकतेवरून काढलेल्या आकड्यात, आहेत. व्यावहारिक ३५ म्हणजे निरपेक्ष ३५.१७ च्या जवळपास. फरक ०.१६-०.१७ चा, ऐकायला किरकोळ. पण पुढे पाहाल तसं इथे वर्गांच्या सीमा ३४.३, ३४.४, ३४.६५ अशा दाटीवाटीने आहेत. चुकीचं एकक धरलं तर आर्क्टिकच्या बाटल्या अटलांटिकच्या ठरतात आणि त्यावर बांधलेलं जिवाणूंचं सगळं वर्गीकरण कोसळतं. व्याख्या ज्या एककात आहे त्याच एककात मोजमाप ठेवा.

कॉंग्सफ्योर्डच्या अभ्यासात रूढ असलेल्या सीमा अशा आहेत. अटलांटिक पाणी ३ अंशांहून गरम आणि ३४.६५ हून खारं. तेच वाटेत गार झालेलं असेल, १ ते ३ अंशांत, पण क्षारता ३४.६५ च्या वरच असेल, तर ते रूपांतरित अटलांटिक. आर्क्टिक पाणी उणे १.५ ते १ अंश, क्षारता ३४.३ ते ३४.८. हिवाळ्यात फ्योर्डमध्येच गारठून तळाशी बसलेलं पाणी उणे ०.५ हून थंड आणि ३४.४ हून खारं. उन्हाळ्याचं पृष्ठजल १ अंशाहून गरम पण ३४ हून कमी खारं. यांच्यामधलं, ३४ ते ३४.६५ चं, १ अंशाहून गरम पाणी म्हणजे मधली मिसळण. या चौकटी एकमेकींवर थोड्या चढतात, म्हणून केवळ आकड्यावर नाव देऊ नका. ठिपक्याच्या वर-खाली कोण आहे तेही बघा.

समजा एका ठिकाणी ५ मीटरवर ४.२ अंश आणि ३१.८, ४० मीटरवर ३.६ आणि ३४.२, १२० मीटरवर ३.४ आणि ३४.९, ३०० मीटरवर उणे ०.७ आणि ३४.८ असे आकडे आहेत. वरून खाली वाचा: पृष्ठजल, मिसळण, अटलांटिक, हिवाळी पाणी. चार बाटल्या, चार गावं. तापमान पाहूनच नाव दिलं असतं तर पहिल्या तिन्ही बाटल्या "गरम पाणी" म्हणून एका पोत्यात गेल्या असत्या.

त्या गावांत राहतं कोण

अटलांटिक पाणी उत्तरेला जाताना नायट्रेट घेऊन जातं आणि दक्षिणेकडचे रहिवासीही. एमिलियानिया हक्सलेई हे चुन्याच्या चकत्या अंगावर वागवणारं शैवाल बॅरेन्ट्स समुद्रात या पाण्याबरोबरच पसरतं. सिनेकोकॉकस हा सायनोबॅक्टेरिया थंड ध्रुवीय पाण्यात नगण्य असतो, म्हणून तो दिसला की अटलांटिकचा पाहुणा समजावं. प्राणिप्लवकांत कॅलॅनस फिनमार्किकस अटलांटिकचा आणि कॅलॅनस ग्लेशियालिस आर्क्टिकचा. दुसऱ्याच्या अंगात चरबी जास्त, त्यामुळे वरच्या पक्ष्यांना आणि माशांना या अदलाबदलीचा फटका बसतो.

वितळपाण्याचा थर जितका जाड आणि हलका, तितकं खालचं नायट्रेट वर यायला अवघड. मग लहान पेशींचं फावतं. एक मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) गोल पेशीचं पृष्ठफळ तिच्या आकारमानाच्या मानाने दहा मायक्रॉनच्या पेशीच्या दहापट असतं, त्यामुळे तुटपुंजं खाद्यही ती लवकर टिपते. आर्क्टिक महासागरातल्या कॅनडा खोऱ्यात २००४ ते २००८ या काळात वरचं पाणी गोडसर होत गेलं तशी सर्वांत लहान शैवालं वाढली आणि त्यांच्याहून मोठी कमी झाली. ध्रुवीय मायक्रोमोनास, दोन मायक्रॉनच्या आतलं शेपटीवालं हिरवं शैवाल, ही तिथली नेहमीची वस्ती. उलट ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या फ्रॅम सामुद्रधुनीत २००५ ते २००७ मध्ये नेहमीपेक्षा गरम अटलांटिक पाणी आलं. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत डायटम, म्हणजे सिलिकाच्या काचेसारख्या कवचाची शैवालं, घटले आणि फिओसिस्टिस पूशेटी वाढलं. हे चार-सहा मायक्रॉनच्या पेशींचं, लिबलिबीत गोळे करणारं शैवाल आहे.

जिवाणूंमध्ये वरच्या उजेडाच्या थरात, शैवालं बहरली की पोलारिबॅक्टर वाढतात. शैवालांनी सोडलेली गुंतागुंतीची साखर तोडणं हा त्यांचा धंदा. एसएआर-११ गटाचे इवलेसे जिवाणू सगळीकडे असतात, पण त्यांचे उपप्रकार पाण्यागणिक बदलतात. खोल पाण्यात आणि हिवाळ्याच्या अंधारात अमोनियाचं नायट्राइट करणारे थॉमार्किओटा गटाचे आर्किआ (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळाचे एकपेशी जीव) वाढलेले दिसतात. त्यांना उजेड मानवत नाही. खोल आर्क्टिकमध्ये तर दोन जागांमधलं अंतर कितीही असो, एकाच जलराशीतले नमुने एकमेकांना जास्त मिळतेजुळते निघतात.

अंटार्क्टिकाला गणित थोडं फिरतं. तिथे "गरम" पाणी म्हणजे परिध्रुवीय खोल पाणी, एक-दोन अंशांचं, नायट्रेट आणि सिलिकाने गच्च भरलेलं. ते वर येतं तरी बराचसा समुद्र उपाशी दिसतो, कारण लोह नसतं. लोह मिळतं ते खंडाच्या काठाच्या गाळातून, हिमनगांतून, वितळत्या समुद्रबर्फातून. म्हणून भारताच्या अंटार्क्टिकातल्या भारती स्थानकाजवळच्या प्रिड्झ उपसागरासारख्या किनाऱ्याच्या पाण्यात बहर येतो आणि बाहेर मोकळ्या समुद्रात कमी. पण लोहच सगळं नाही, हे २००९ च्या लोहाफेक्स या भारत-जर्मन प्रयोगाने दाखवलं. दक्षिण अटलांटिकमध्ये लोह टाकलं, शैवाल वाढलं, पण त्या जलराशीत सिलिका आधीच संपत आलेली होती. काचेचं कवच करायला कच्चा मालच नाही म्हटल्यावर डायटम वाढले नाहीत. लहान पेशी वाढल्या आणि त्या प्राणिप्लवकांनी खाऊन टाकल्या. तळाशी फारसा कार्बन गेला नाही. ध्रुवीय सीमेच्या, म्हणजे थंड अंटार्क्टिक पाणी उत्तरेच्या पाण्याला भेटतं त्या पट्ट्याच्या, दक्षिणेला सिलिका मुबलक असते, तिथे निकाल वेगळा लागू शकतो. खत तेच, शेत वेगळं.

हात बसवायला फुटाळा

ध्रुवीय नमुना हाती येण्याआधी मोजणीला हात बसला पाहिजे. नागपूरच्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठावरून, गाळ न ढवळता, एक लिटर पाणी घ्या. पेशी टिकवून रंगवणारं आम्लयुक्त ल्युगोल द्रावण करा: २०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात २० ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, मग १० ग्रॅम आयोडीन, शेवटी २० मिलिलिटर ग्लेशियल असेटिक आम्ल. क्रम बदलू नका, आयोडाइड आधी नसेल तर आयोडीन विरघळतच नाही. लिटरला साधारण १० मिलिलिटर घाला, पाणी कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाचं झालं पाहिजे. अंधारात ४८ तास हलवू नका. वरचं पाणी बारीक नळीने काढा आणि तळचं ५० मिलिलिटर ठेवा, म्हणजे वीसपट दाट.

मोजायला सेजविक-राफ्टर कक्ष: ५० बाय २० मिलिमीटर, खोली १, एकूण १ मिलिलिटर, त्यात १००० चौकोन. काच तिरकी ठेवून एका कोपऱ्यातून भरा, नाहीतर बुडबुडा अडकतो. पंधरा मिनिटं पेशी बसू द्या. चौकोन रांगेने नव्हे, कक्षभर विखुरलेले निवडा, कारण पेशी कडांना जास्त जमतात. समजा १०० चौकोनांत ४२० पेशी आल्या. म्हणजे दाट नमुन्यात मिलिलिटरला ४,२०० आणि मूळ पाण्यात वीसने भागून २१०. किमान ४०० पेशी मोजाव्यात, म्हणजे चूक सुमारे दहा टक्क्यांच्या आत राहते. शंभरच मोजल्या तर ती वीस टक्क्यांवर जाते आणि दोन जलराशींतला खरा फरकही त्यात बुडून जाऊ शकतो.

तलावात दिसणारं सगळं ध्रुवाला लागू नाही. तलावाच्या हिरव्या पाण्यात सायनोबॅक्टेरियांचे पुंजके भरपूर दिसू शकतात, ध्रुवीय समुद्रात ते जवळजवळ नसतातच. शिवाय गोडं पाणी चार अंशांना सर्वांत जड असतं. २४.७ हून जास्त क्षारतेचं पाणी गोठेपर्यंत जडच होत जातं. म्हणून तलावाचे थर आणि समुद्राचे थर एका मापाने समजावून सांगू नका. आणखी एक, आम्ल ल्युगोल चुन्याच्या चकत्या विरघळवतं. एमिलियानिया शोधत असाल तर आम्ल न घातलेलं वापरा. फिओसिस्टिसचे लिबलिबीत गोळे रसायन पडताच फुटतात आणि सुट्या पेशी उरतात. यादीत ते "अज्ञात बारीक पेशी" या रकान्यात जाऊन बसतं.

आले की वाढले?

जलराशी आणि जीव यांचा संबंध सांगताना सगळ्यात उपयोगी पडणारं गणित मिसळणीचं आहे, आणि ते पाचवीच्या मुलालाही येतं. टोक म्हणजे न मिसळलेलं मूळ पाणी. अटलांटिक टोकाची क्षारता ३५ आणि ध्रुवीय टोकाची ३२ धरा. नमुना ३४.३ चा आहे. ३४.३ मधून ३२ वजा करा, उरलेल्या २.३ ला ३ ने भागा, ०.७७ आलं. म्हणजे या पाण्यात अटलांटिकचा वाटा सुमारे ७७ टक्के. आता समजा अटलांटिक टोकात सिनेकोकॉकस मिलिलिटरला २,००० आणि ध्रुवीय टोकात शून्य आहेत. नुसतं वाहून आले असते तर नमुन्यात १,५०० च्या वर दिसायला हवेत. तेवढेच दिसले तर ते पाण्याबरोबर आले, त्यांचं इथे काही खास चाललेलं नाही. तीनशेच दिसले तर वाटेत मेले किंवा खाल्ले गेले. पाच हजार दिसले तर इथे वाढले, मग कशामुळे ते शोधा. हेच नायट्रेटलाही लावा: अपेक्षेपेक्षा जेवढं कमी, तेवढं शैवालांनी उचललं. तापमानाने मात्र वाटा काढू नका. वाटेत बर्फ वितळवण्यात आणि हवेला देण्यात उष्णता जाते. मीठ असं हरवत नाही, नवा बर्फ धरत असेल किंवा वितळत असेल तेवढा अपवाद.

टोकांचे आकडे त्याच सफरीतून घ्या. दहा वर्षांपूर्वीच्या पेपरमधलं अटलांटिक आजच्या अटलांटिकइतकंच खारं असेल असं नाही.

डीएनएच्या तक्त्यावर बसताना

तयार १६-एस तक्ते, म्हणजे जिवाणू ओळखायच्या जनुकाच्या क्रमांचे तक्ते, घेणार असाल तर आधी गाळणी तपासा. एका सफरीने ३ मायक्रॉनच्या गाळणीनंतर ०.२२ वापरली आणि दुसरीने थेट ०.२२, तर दोघांची तुलना होत नाही. पहिल्यात कणांना चिकटलेले जिवाणू आधीच बाजूला पडलेले असतात. मग प्रायमर, म्हणजे ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे: ५१५-८०६ जोडीची जुनी आवृत्ती एसएआर-११ आणि थॉमार्किओटा कमी दाखवते, नंतर ती सुधारली गेली. दोन आवृत्त्या एका तक्त्यात मिसळल्या तर "जलराशीचा फरक" म्हणून जे दिसतं ते प्रायमरचं असतं. १६-एसमध्ये शैवालांच्या हरितलवकांचे क्रमही येतात. जिवाणूंच्या टक्केवारीतून ते काढा, पण टाकून देऊ नका. वेगळ्या फाइलमध्ये ठेवले तर कोणती शैवालं होती याचा सुगावा लागतो.

टक्केवारी ही फसवी गोष्ट. पोलारिबॅक्टर पाच टक्क्यांवरून तीसवर गेला की बाकी सगळे घटल्यासारखे दिसतात, प्रत्यक्षात कुणी घटलेलं नसेलही. शक्य तिथे फ्लो सायटोमेट्रीची, म्हणजे लेझरपुढून एकेक पेशी नेऊन केलेली, एकूण मोजणी जोडा. नंतर आर या संगणक भाषेतल्या व्हेगन संचात ब्रे-कर्टिस अंतर, म्हणजे दोन नमुन्यांतली वस्ती किती वेगळी त्याचं माप, काढून जलराशींचे गट तपासा. मात्र खोली आणि जलराशी हातात हात घालून चालतात, हा इथला सर्वांत मोठा सापळा. पृष्ठजल नेहमी वर आणि हिवाळी पाणी नेहमी खाली असेल, तर फरक उजेडाचा, दाबाचा की मूळ गावाचा, हे गणित सांगू शकत नाही. उपाय एकच. एकाच खोलीवर दोन वेगळ्या जलराशी असलेली ठिकाणं शोधा, आणि एकच जलराशी दोन वेगळ्या खोल्यांवर असलेली. अटलांटिक पाणी आर्क्टिकमध्ये शिरताना वरून खाली जातं, त्यामुळे फ्रॅमच्या पूर्वेला आणि पश्चिमेला अशा जोड्या मिळतात. एकाच बाटलीतून तीन गाळण्या केल्या तर ते तीन नमुने होत नाहीत, तो एकच नमुना तीनदा मोजला.

क्लोरोफिलसाठी सीटीडीवरच्या, पेशींची चमक मोजणाऱ्या प्रतिदीप्ती संवेदकावर एकट्यावर विसंबू नका. भर उन्हात वरच्या पेशी आपली ही चमक मंदावतात आणि पृष्ठभागाचा आकडा खोटा कमी येतो. आपल्याकडे रात्रीचं मोजमाप घेऊन हे सुधारता आलं असतं. ध्रुवीय उन्हाळ्यात रात्रच नाही. गाळणीवरचं क्लोरोफिल ९० टक्के ॲसिटोनमध्ये अंधारात २४ तास काढून मोजलेले आकडे सोबत असतील तेच तक्ते घ्या.

बाटली खरंच सांगितलेल्या खोलीवर बंद झाली का, हेही तपासा. थंडीत खटका अडकतो, झाकण अर्धवट लागतं आणि वर येताना आत दुसऱ्याच गावचं पाणी शिरतं. तक्त्यात बाटलीतल्या पाण्याची वेगळी मोजलेली क्षारता असते. ती त्याच खोलीच्या सीटीडी आकड्याशी ०.०२ च्या आत जुळली पाहिजे. जुळली नाही तर त्या बाटलीतले जिवाणू कितीही सुंदर क्रमवारीत बसत असोत, ती ओळ खोडा.